इंजिन आणि पंखा यांच्यातला सोशिक मध्यस्थ

हँगरबाहेर दोन आसनांचं छोटं विमान उभं आहे. इग्निशन बंद आहे, किल्ली वैमानिकाच्या खिशात आहे. तो पंख्याचं पातं धरून थोडा जोर लावतो. पातं काही अंश सरकतं आणि कुठेतरी घट्ट अडतं. उलट जोर लावला की तेवढंच मागे येतं. पहिल्यांदाच बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अहो, हा पंखा ढिला झालाय!

पंखा ढिला झालेला नाही. ती हालचाल मुद्दाम ठेवलेली आहे आणि तिच्या आड एक क्लच बसलेला आहे. हलक्या विमानांच्या जगात सर्वांत जास्त दिसणाऱ्या ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ या इंजिनाला हाताशी धरून या क्लचची आणि त्याच्या भाऊबंदांची ओळख करून घेऊ.

१. क्लच आहे, पेडल नाही

मोटारीतला क्लच आपण पायाने दाबतो, कारण गिअर बदलायचा असतो. विमानात गिअर बदलायचाच नसतो. गिअरबॉक्समध्ये दात्यांची एकच जोडी असते आणि तीच कायम जोडलेली राहते. मग क्लच हवा कशाला? दोन कामांसाठी. इंजिनाचे हिसके पंख्यापर्यंत आणि पंख्याचे हिसके इंजिनापर्यंत जसेच्या तसे जाऊ द्यायचे नाहीत, हे पहिलं. पंखा कशाला तरी आदळलाच, तर इंजिनाच्या हाडांना धक्का लागू द्यायचा नाही, हे दुसरं. वैमानिकाला यात काहीच करायचं नसतं. क्लच आपला आपण काम करतो.

२. पंख्याला घाई सोसत नाही

रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन जेमतेम १३५२ सीसीचं आहे. एवढ्याशा जिवातून १०० अश्वशक्ती काढायची तर ते मिनिटाला ५८०० फेरे फिरवावं लागतं. आता १.७३ मीटर व्यासाचा पंखा थेट या इंजिनाला जोडून बघा. पात्याचं टोक सेकंदाला ५२५ मीटर वेगाने धावेल, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या दीडपट! त्या वेगाला पातं हवा नीट कापत नाही. नुसता गोंगाट होतो आणि ताकद वाया जाते. गिअरबॉक्स हाच पंखा मिनिटाला सुमारे २३९० फेऱ्यांवर आणतो. आता टोकाचा वेग सेकंदाला २१६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७८० किलोमीटर. पंख्याला हे मानवतं.

३. सतरा फेऱ्यांना सात

क्रँकशाफ्टवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य आसावरच्या गिअरला २१ दाते आहेत, पंख्याच्या आसावरच्या गिअरला ५१. हिशोब मांडला की गंमत दिसते. इंजिनाचे १७ फेरे झाले की पंख्याचे बरोबर ७ होतात. ८० अश्वशक्तीच्या धाकट्या भावात हेच दाते २२ आणि ५० असेही असतात. आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. दोन गिअर एकमेकांत अडकले की उलट्या दिशांना फिरतात. त्यामुळे या विमानांत इंजिन एका बाजूला फिरत असतं आणि पंखा दुसऱ्या.

४. गिअर नको असेल तर पोट मोठं हवं

जुन्या अमेरिकन पद्धतीत गिअरबॉक्सला फाटा दिलेला असतो. कॉन्टिनेंटल ओ-२०० हे इंजिनही १०० अश्वशक्तीचंच, पण ती ते मिनिटाला अवघ्या २७५० फेऱ्यांवर देतं, कारण त्याचं पोट सुमारे ३.३ लिटरचं आहे. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसतो. ना दाते, ना क्लच. रचना साधी आणि भक्कम आहे, पण पंखा जमिनीला लागला की सगळा मार थेट क्रँकशाफ्टवर येतो. मग इंजिन खोलून आतला भाग न् भाग तपासावा लागतो.

५. इंजिन सलग फिरवत नाही, ठोसे मारतं

क्लचची खरी गरज इथे कळते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला १४०० फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ ठोसे. दोन ठोशांच्या मधल्या क्षणात क्रँकशाफ्ट किंचित मंदावतो. पंख्याचं तसं नसतं. तो जात्याच्या वरच्या तळीसारखा, एकदा गती घेतली की आपल्याच भाराने फिरत राहणारा. म्हणजे एका क्षणी इंजिन पंख्याला ढकलतं आणि दुसऱ्या क्षणी पंखा इंजिनाला ओढतो. मधले बिचारे गिअरचे दाते कधी या अंगावर मार खातात, कधी त्या अंगावर. इंजिन फार मंद चाललं की हा खडखडाट कानाला स्पष्ट ऐकू येतो.

भरीला झोपाळ्याचा न्याय आहे. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके झोके दिले तरी तो आभाळाला भिडतो. इंजिनाचे ठोसे आणि आसाच्या पिळाची स्वतःची लय जुळली तर छोटे हिसकेसुद्धा साठत जातात आणि पोलादी आस तडकतो. अभियंते याला पिळाची कंपनं म्हणतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत, म्हणूनच ती जास्त घातक ठरतात.

६. उतार चढणारे दाते

यावर रोटॅक्सने काढलेला तोडगा बघत राहावा असा आहे. मोठा गिअर पंख्याच्या आसाला ताठ जोडलेलाच नसतो. दोघांच्या मध्ये उंचवट्यांच्या दात्यांची एक जोडी असते, तिला डॉग म्हणतात. दात्यांच्या कडा उभ्या कापलेल्या नसून उताराच्या असतात. ठोसा आला की एक दाता दुसऱ्याच्या उतारावर चढू लागतो. चढताना तो आसाच्या दिशेने मागे सरकतो आणि तिथे रचलेल्या स्प्रिंगच्या चकत्या दाबतो. ठोसा जेवढा मोठा, तेवढी चढण आणि तेवढाच स्प्रिंगचा विरोध. ठोसा ओसरला की दाता खाली उतरतो.

या चकत्या बशीसारख्या उथळ असतात. ज्युलियन बेलव्हिल या फ्रेंच माणसाने १८६७ साली त्यांचं पेटंट घेतलं, तेव्हा विमान कुणी पाहिलेलं नव्हतं. फार कमी जागेत प्रचंड जोर झेलणं हे त्यांचं कसब. हाताने पंखा हलवताना जी १५ किंवा ३० अंशांची हालचाल जाणवते, ती याच दात्यांमधली मोकळीक आहे. ती ठेवली आहे इंजिन मंद गतीवर नीट चालावं म्हणून.

७. मिक्सरचा कपलर आणि विमानाचा क्लच

मिक्सरच्या भांड्यात काही अडकलं की खालच्या कपलरचे दाते झिजतात किंवा तुटतात. आपण चिडतो, पण कपलरने मार खाल्ला म्हणून मोटर वाचली. गिअरबॉक्समधला ओव्हरलोड क्लच हेच काम करतो, फक्त तुटत नाही, घसरतो. एरवी तो घट्ट धरून बसतो. उतरताना नाक खाली गेलं आणि पातं जमिनीला लागलं, तर पंखा थबकतो आणि फिरणारं इंजिन मात्र थबकायला तयार नसतं. त्या निमिषात क्लच घसरतो आणि पुढचा तडाखा इंजिनापर्यंत पोहोचू देत नाही.

हे का महत्त्वाचं आहे? रोटॅक्स ९१२चा क्रँकशाफ्ट एकाच तुकड्याचा नसतो. अनेक भाग प्रचंड दाबाने एकमेकांत बसवून तो बनवलेला असतो. अचानक झटका बसला की हे भाग एकमेकांवर किंचित पिळले जाऊ शकतात. म्हणून क्लच असला तरी पंखा आपटल्यावर तपासणी टळत नाही. आणि सगळ्याच ९१२ इंजिनांत हा ओव्हरलोड क्लच असतोच असं नाही. प्रमाणित आवृत्त्यांमध्ये तो असतो, काही मॉडेलांत मागवून घ्यावा लागतो.

८. क्लचची नाडी स्प्रिंगच्या काट्याने

एवढी महागडी वस्तू आणि तिची तपासणी किती साधी! मेकॅनिक एक स्क्रू आत फिरवून क्रँकशाफ्ट जागच्या जागी अडकवतो. मग पंख्याच्या पात्याला, आसापासून मोजून घेतलेल्या अंतरावर, स्प्रिंगचा काटा अडकवून सावकाश ओढतो. पातं सरकू लागलं त्या क्षणी काटा किती दाखवतो ते बघायचं आणि अंतराने गुणायचं. उत्तर २५ ते ६० न्यूटन मीटरच्या मध्ये यायला हवं. अर्ध्या मीटरवर ओढलं तर काट्यावर साधारण ५ ते १२ किलोच्या दरम्यान. त्यापेक्षा कमी ओढीला पातं सरकलं तर आतली पकड झिजलेली आहे. मग गिअरबॉक्स उघडायची वेळ आली. संगणक लागत नाही. हात सावकाश ओढणारा हवा आणि नजर काट्यावर हवी.

९. विमानात मोटरसायकलचं तेल

९१२च्या मालकांनी तेलाच्या डब्यावर मोटरसायकलचं चित्र पाहिलं की त्यांना नवल वाटत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचं तेल एकच आहे. मोटरसायकलमध्येही तेच तेल इंजिन, गिअर आणि बुडालेला क्लच अशा तिघांना सांभाळतं. म्हणून गिअरसाठी खास द्रव्यं घातलेलं मोटरसायकलचं चांगलं तेल इथे चालतं. उलट घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं, मोटारीसाठी उत्तम मानलेलं तेल इथे घात करतं. घर्षणच गेलं तर क्लच धरणार कशाच्या जोरावर? ऐन उड्डाणात तो घसरू शकतो. शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल सतत वापरलं तर तेलात शिशाचा गाळ साठतो, म्हणून तेव्हा तेल लवकर लवकर बदलावं लागतं.

१०. गुडगुड ऐकू येईपर्यंत

९१२चं तेल इंजिनाच्या तळाशी न राहता वेगळ्या टाकीत राहतं. विमान उभं असताना थोडं तेल इंजिनातच रेंगाळतं. मग टाकीतलं तेल मोजायचं कसं? इग्निशन बंद असल्याची दोनदा खात्री करून वैमानिक पंखा हाताने, फिरण्याच्या योग्य दिशेनेच, सावकाश फिरवत राहतो. सिलिंडरमधून निसटलेली हवा इंजिनातलं तेल टाकीकडे ढकलते. तेल संपलं आणि मागून हवा आली की टाकीतून मोठ्याने 'गुडगुड' असा आवाज येतो. आता तेलपट्टी बाहेर काढायची. उलट्या दिशेने फिरवायचं नाही, कारण तेलाच्या वाटांमध्ये हवा शिरू शकते. हे सकाळचं फिरवणं म्हणजे क्लचची विचारपूसही असते. हाताला रोजची पकड ठाऊक असते. ती बदलली की हात आधी सांगतो.

११. पहिलं विमान, पहिलं दुखणं

पंखा इंजिनापेक्षा हळू फिरवायचा ही युक्ती पहिल्या विमानाइतकीच जुनी आहे. १९०३ साली राइट बंधूंनी सायकलची विद्या कामी आणली. इंजिनापासून दोन पंख्यांपर्यंत साखळ्या नेल्या आणि २३ला ८ या प्रमाणात वेग उतरवला. इंजिन मिनिटाला हजाराच्या आसपास, पंखे सुमारे ३५०. पंखे एकमेकांच्या उलट फिरावेत म्हणून एक साखळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून नेली.

मग नोव्हेंबरमध्ये इंजिन सुरू केलं आणि पिळाचं दुखणं समोर उभं राहिलं. अडखळत चालणाऱ्या इंजिनाच्या हिसक्यांनी पंख्यांचे आस निकामी झाले. ते दुरुस्त होऊन आले, तर साखळीची दातेरी चाकं आसावर ढिली पडू लागली. भावांनी सायकलच्या टायरला लावायचं सिमेंट तिथे लावलं आणि ती पक्की बसली! पुढे एका आसाला पुन्हा तडा गेला. ऑरव्हिल स्वतः डेटनला परतले आणि भरीव पोलादाचे नवे आस घेऊन ११ डिसेंबरला किटी हॉकला पोहोचले. सहा दिवसांनी, १७ डिसेंबरला, माणूस १२ सेकंद उडाला. इंजिन आणि पंखा यांच्यात मऊ मध्यस्थ नसला तर काय होतं, हे विमानाच्या जन्माआधीच कळलं होतं.

१२. बदनाम झालेलं सेस्ना

१९५८ साली सेस्ना १७५ बाजारात आलं. त्याचं कॉन्टिनेंटल जीओ-३०० इंजिन गिअरचं होतं. ते मिनिटाला ३२०० फेऱ्यांपर्यंत फिरायला हवं होतं, तेव्हा पंखा २४०० फिरे. पण वैमानिकांचे कान सेस्ना १७२च्या संथ सुरावर तयार झालेले. एवढा चढा आवाज ऐकून त्यांना इंजिनाची दया यायची आणि ते थ्रॉटल मागे घ्यायचे. ही दयाच इंजिनाला भोवली. गिअरचं इंजिन मंद गतीवर रखडवलं की हिसके वाढतात. इंजिनं लवकर झिजली आणि चांगल्या विमानाचं नाव खराब झालं.

१३. मोटारीचं डिझेल आणि ३०० तासांची मर्यादा

जर्मनीच्या थीलर्ट कंपनीने मर्सिडीज ए-क्लास मोटारीचं १.७ लिटरचं डिझेल इंजिन विमानात बसवलं. इंधन स्वस्त आणि कमी लागायचं, फ्लाइंग क्लब खूश झाले. पण डिझेलचा ठोसा पेट्रोलपेक्षा दांडगा असतो. ते ठोसे मऊ करायला गिअरबॉक्समध्ये क्लच ठेवला होता आणि दर ३०० तासांनी गिअरबॉक्स उतरवून तपासणीला पाठवावा लागायचा. इंधनावर झालेली बचत त्यात निघून जायची. इंजिन मोटारीतून उचलून आणता येतं. मधला मध्यस्थ मात्र विमानासाठीच घडवावा लागतो.

१४. पाठीवरचा पंखा आणि दारातली स्कूटर

पाठीला इंजिन बांधून पॅराग्लायडरने उडतात त्या पॅरामोटरमध्ये पुष्कळदा सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. म्हणजे आपल्या बिनगिअरच्या स्कूटरमधलाच! स्कूटर चालू केली तरी चाक फिरत नाही. ॲक्सिलरेटर पिळला की फिरण्याच्या वेगाने आतले पट्टे बाहेर फेकले जातात, ड्रमला चिकटतात आणि चाक ओढू लागतात. पॅरामोटरमध्येही इंजिन मंद गतीवर असताना पंखा थांबलेला राहतो. पाठीवर अवघ्या काही इंचांवर पातं असलेल्या माणसाला याचं मोल विचारा. दोर पसरताना, छत्र सावरताना मागे थांबलेला पंखा असणं ही केवढी निश्चिंती.

१५. उजवा पंखा थांबलेला, गारवा मात्र चालू

कोल्हापूरसारख्या विमानतळावर एटीआर विमानात बसताना उजव्या पंख्याकडे बघा. कधी कधी तो स्तब्ध असतो, पण इंजिनाचा आवाज येत असतो. इंजिन खरंच चालू असतं. या टर्बोप्रॉपमध्ये पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिनाच्या मुख्य भागाला पोलादाने जोडलेलं नसतं, मध्ये फक्त गरम वायूचा झोत असतो. म्हणून पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवता येतं आणि विमानाला वीज नि गार हवा मिळत राहते. याला हॉटेल मोड म्हणतात. हवेचाच क्लच, झिजायला काही नाही.

१६. आधी इंजिन, मग पट्टे

रॉबिन्सन आर-४४ हेलिकॉप्टरचं इंजिन सुरू होतं तेव्हा वरचे पंखे, म्हणजे रोटर, हलतही नाहीत. वैमानिक क्लचचं बटण दाबतो, एक छोटी विजेची मोटर वरची पुली उचलते, चार दुहेरी पट्टे हळूहळू ताणले जातात आणि मग रोटर डुलत डुलत गती घेतो. शिवाय वरच्या पुलीत एकाच बाजूने पकडणारा क्लच असतो, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. हवेत इंजिन बंद पडलं तर तो रोटरला मोकळं सोडतो. फिरत्या रोटरच्या आधाराने वैमानिक हेलिकॉप्टर सुखरूप खाली आणू शकतो. गंमत अशी की रोटॅक्स कंपनीही सायकलच्या जगातून गेलेली आहे. १९२० साली ड्रेस्डेनमध्ये जन्मलेली ही कंपनी १९३०मध्ये सायकलच्या हबसाठी प्रसिद्ध असलेल्या फिश्टेल उंट झाक्सने घेतली होती.

१७. आपल्या आकाशात

२०१५ साली भारताने स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलकडे १९४ मायक्रोलाइट विमानं मागवली. 'गरुड' या नावाने ओळखली जाणारी ही विमानं एनसीसीचे कॅडेटही उडवतात आणि त्यात रोटॅक्स ९१२चं ८० अश्वशक्तीचं इंजिन आहे. बंगळुरूच्या एनएएल या प्रयोगशाळेचं हंसा-एनजी हे विमान ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडालं, तेही ९१२च्याच इंजेक्शन आवृत्तीवर. आपल्या सेनादलांच्या हेरॉन ड्रोनमध्ये याच घराण्यातलं टर्बोचं ९१४ इंजिन आहे. महाराष्ट्रातली एखादी एनसीसी कॅडेट पहिलं उड्डाण करते तेव्हा तिच्या पुढ्यात हेच उताराचे दाते आणि बशांच्या स्प्रिंगा फिरत असतात.

१८. क्लच सांभाळायचा तर एवढंच

मंद गती मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या खाली जाऊ देऊ नका. दोन्ही कार्ब्युरेटर एका सुरात ठेवा, कारण ते बेसूर झाले की हिसके वाढतात आणि बिल गिअरबॉक्सच्या नावे येतं. बॅटरी दमदार ठेवा. कमकुवत बॅटरीने इंजिन रखडत फिरलं तर ते उलटा झटका मारतं आणि स्टार्टरचा एकाच बाजूने पकडणारा छोटा क्लच त्यात जातो. तेल सांगितलेलंच घाला. तेल बदलताना चुंबकाचा प्लग काढून बघा. बारीक राखाडी लेप नेहमीचा असतो, पण चमकणारे कण किंवा चकती दिसली तर उड्डाण तिथेच थांबवा.

आणि सकाळी पंखा हाताने फिरवाल तेव्हा घाई करू नका. बोटांना लागणारी ती काही अंशांची अडखळती हालचाल रोज सारखी आहे ना, एवढं बघा. सारखी असेल तर तेलपट्टी पुसा, टोपण लावा आणि चला.